सावरीपलीकडचे आठ मीटर

नॉर्डिया ब्लॅग्रोव्हने शंभर मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण कशाच्या जोरावर मिळवलं, हे स्टोनी गॅपमध्ये तिला स्वतःला सोडून सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

गुरुवारी सकाळी तिची गाडी गावच्या चौकात पुरती थांबलीही नव्हती, तोच मिस्टर ऑबिन यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "माझा पिवळा याम, नॉर्डी! तुझी आई माझ्याकडूनच न्यायची. जगाला सांगत जा जरा." आई त्यांच्याकडून हा कंद न्यायची हे खरं होतं. किडका भाग कापून अर्ध्या भावात देणारे गावात तेवढे एकच होते. पण जगाला सांगायला ही गोष्ट तितकीशी सोयीची नव्हती.

मग पास्टर आले. अंतिम शर्यतीच्या दिवशी त्यांनी चर्चच्या सगळ्या मंडळीला गुडघ्यांवर बसवलं होतं, म्हणून पदक आलं. त्याच्या आधीच्या ऑलिंपिकलाही बसवलं होतं आणि तेव्हा ती सातवी आली होती. पण त्या खेपेला म्हणे पास्टरांचा घसा बसला होता. खासदारसाहेबांनी तर फोनवरच सांगून टाकलं, की झऱ्यापर्यंत रस्ता न करण्याचा सरकारचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता बघ! डोक्यावर बादली घेऊन रोज ती चढण चढली नसतीस, तर पायांत हे बळ आलं असतं का? रस्ता अजूनही झालेला नव्हता. सरकार पुढच्या विजेतीची तयारी करत होतं.

आणि या सगळ्यांच्या वर फालमाउथचे कोच. नॉर्डिया चौदा वर्षांची असताना आई परदेशी कामाला गेली आणि तिला फालमाउथ शहरात मावशीकडे राहावं लागलं. गावात साडेतेरा सेकंदांत शंभर मीटर पळणारी मुलगी तिथे पहिल्याच आठवड्यात साडेबारात पळाली. आठवड्यात एक अख्खा सेकंद! त्या सेकंदावर कोचसाहेबांनी घर बांधलं, चार देशांत व्याख्यानं दिली. मावशीचं म्हणणं मात्र असं, की तो सेकंद तिच्या माशाच्या सूपने खाल्ला, कोचने नाही.

नॉर्डिया हे सगळं हसून ऐकून घेई. एकेचाळिसाव्या वर्षी तिला या मंडळींचा राग येईनासा झाला होता. तिचंही एक उत्तर होतं, आणि ते स्वतःचं असल्यामुळे अर्थातच खरं होतं. मेहनत! गावच्या शाळेतल्या मास्तरांनी तिला स्पर्धेला पाठवायला नकार दिला, तो नकार तिच्या मनाला लागला आणि ती जिद्दीने पळाली. 'नशीब नाही, कुणाची मेहेरबानी नाही,' हे वाक्य ती वीस वर्षं देशोदेशीच्या शाळांतून मुलांना ऐकवत आली होती. उद्याच्या भाषणातही ते तीन ठिकाणी होतं.

उद्या समारंभ होता. शाळेच्या गवती मैदानावर सरकार शंभर मीटरची लाल रबरी धावपट्टी घालणार होतं, आणि फाटकाशी एक बोर्ड उभा राहिला होता. त्यावर चादर टाकली होती, पण वाऱ्याने ती सकाळपासून चार वेळा उडाल्यामुळे मजकूर सगळ्या गावाला पाठ होता: 'याच मातीत घडली स्टोनी गॅपची सर्वांत वेगवान मुलगी.'

फाटकाच्या दुसऱ्या बाजूला जॅसिंथ पिनॉक कोळशावर याम भाजत बसली होती. दोघी एका बाकावर शिकलेल्या.

"या, सर्वांत वेगवान मुलगी," जॅसिंथ म्हणाली. "चालत आलीस की काय? मला वाटलं, उडत येशील."

"तुझी जीभ अजून तशीच आहे गं, जॅसी."

"पाय थांबले, मग काहीतरी चालू ठेवायला नको का?" तिने काळं पडलेलं साल खरवडून गरम यामची फोड आणि खाऱ्या माशाचा तुकडा नॉर्डियाच्या हातात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक काम होतं. माझी ओनिका. तेरा वर्षांची आहे. काल मास्तरांनी घड्याळ लावलं, तेरा सेकंद. तेराला एक ठोकाही वर नाही. पण उद्या बारापर्यंत जिल्ह्याला नावं जायची आहेत, आणि मास्तर म्हणतात, बारा पॉइंट आठच्या वर असेल तर नाव नाही. तू सांगून बघ ना. तुझं ऐकतील."

"मास्तर? कुणाचं तरी ऐकतात का ते?"

"नाही," जॅसिंथने कबूल केलं. "मलाही तेव्हा म्हणाले होते, पोरी, आकडा खोटं बोलत नाही, तुझ्यात नाही ते. मी ऐकलं. कालच ओनिकाला सांगितलं, मास्तर म्हणतात तर नसेल आपल्यात."

सॅम्युडा मास्तर एकोणऐंशी वर्षांचे होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण ते रोज आठच्या ठोक्याला शाळेत येत, कारण तुम्ही निवृत्त झालात हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. एक्केचाळीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं, आणि प्रेमाने शिकवलं होतं. भागाकार न येणारं मूल त्यांच्या हाताखालून गेलं नाही. खेळही त्यांच्याकडेच. गळ्यात स्टॉपवॉच आणि खिशात जिल्ह्याच्या पात्रतेचा तक्ता. आजूबाजूच्या शाळा दरवर्षी गाडीभर पोरं निवड चाचणीला पाठवत, तिथून त्यांतली काही थेट किंग्स्टनच्या मोठ्या शालेय स्पर्धेत जात, जी बघायला सगळं बेट कामधंदा सोडून बसतं. मास्तरांनी एकतीस वर्षांत एकही मूल पाठवलं नव्हतं. ही त्यांच्या मते शिस्त होती. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी पात्र न ठरलेल्यांची वेळही रंगवून ठेवली होती, मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून. नॉर्डियाच्या वर्षीची पहिली ओळ: जॅसिंथ पिनॉक, १३.१. चौथी ओळ: नॉर्डिया ब्लॅग्रोव्ह, १३.५.

ती चौथी ओळ नॉर्डिया प्रत्येक भाषणात सांगायची. चौथी मुलगी जगात पहिली आली, बघा मेहनत! टाळ्या हमखास पडत. पहिल्या तिघी कुठे गेल्या, असं कुणी विचारलं नव्हतं.

अकरा वाजता धावपट्टीचे कंत्राटदार मिस्टर डेकर्स किंग्स्टनहून मोजायची पोलादी फीत घेऊन आले. मास्तरांनी त्यांना मैदान दाखवलं. सुरुवात चर्चच्या भिंतीला लागून. शेवट सावरीच्या थोराड झाडापलीकडे, जिथे गवत जाळून काळी रेघ ओढली होती. ती रेघ दर वर्षी मास्तर स्वतः जाळत.

डेकर्सनी फीत लावली, वाचली, पुन्हा लावली.

"मास्तर, हे एकशे आठ भरतंय."

"एकशे आठ काय?"

"मीटर. शंभर इथे संपतात." ते मागे चालत आले आणि सावरीच्या मुळांमध्ये उभे राहिले. मग वर बघून पटकन बाजूला झाले. किंग्स्टनला राहत असले तरी त्यांची आजी याच डोंगरांतली होती.

आता ही सावर तिथे दोनशे वर्षांपासून होती, आणि तिच्यात मेलेली माणसं राहतात हे ट्रेलॉनी जिल्ह्याच्या डोंगरातलं दोन वर्षांचं पोरही जाणतं. तिला कुऱ्हाड लावायची तर आधी बुंध्यात रम ओतावी लागते आणि लावणारा दुसरा शोधावा लागतो. मास्तरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी दोरीने शंभर मीटर मोजले, ते नेमके सावरीखाली संपले, आणि त्यांनी तिथेच रेघ ओढली. पहिल्या वर्षी सहा मुलं सुटली. सहाच्या सहा झाडाच्या अलीकडे करकचून थांबली, ओळीने उभी राहिली आणि झाडाला गुड मॉर्निंग म्हणाली. शर्यत कुणीच पुरी केली नाही. आया झाडाच्या सावलीत उभ्या राहायला तयार नव्हत्या. मागे सरकायचं तर चर्चची भिंत. तेव्हा मास्तरांनी, केवळ पालकांच्या अंधश्रद्धेखातर, रेघ आठ मीटर पुढे नेली. पोरं झाडाजवळून जीव खाऊन पळू लागली. तेवढे आठ मीटर हिशेबातून वजा करायचे, हे मास्तरांनी त्याच संध्याकाळी ठरवलं होतं.

त्यांनी सगळ्या गावाला वजाबाकी शिकवली. फक्त ती एक करायची राहून गेली. गावालाही रेघ सरकल्याचं माहीत होतं. पण गणित मास्तरांचं खातं, त्यात आपण कशाला पडा?

डेकर्स याम खायला फाटकाकडे गेले. मास्तर आणि नॉर्डिया रेघेवर उभे राहिले. मास्तरांचा हिशेब आधी झाला, ते त्यांच्या ओठांवरून कळलं. नॉर्डियाला थोडा वेळ लागला. साडेतेरा, भागिले एकशे आठ, गुणिले शंभर. साडेबारा. बरोबर साडेबारा.

म्हणजे फालमाउथला ती एका सेकंदाने वेगवान झालीच नव्हती. ती फक्त आठ मीटर कमी पळाली होती. कोच नाही, सूप नाही. नकाराची जिद्दही नाही.

"हे बघ," मास्तर हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी रबरी पट्टी येतेय. सगळं आपोआप बरोबर होईल. उकरून काय मिळणार?"

"आणि ओनिका?"

"पुढच्या वर्षी पळेल की."

"पुढच्या वर्षी ती वरच्या वयोगटात जाईल, मास्तर. तिथे सोळाच्या पोरी असतात. यंदा नाव द्यायचं तर तुम्हाला तुमच्या हाताने लिहून द्यावं लागेल, मैदान चुकलं होतं म्हणून."

मास्तरांनी स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळली. "मी तुझ्याच भल्याचं सांगतो. एकीचं गणित केलं की भिंतीवरच्या सगळ्यांचं करावं लागतं. पहिली ओळ कुणाची आहे, ठाऊक आहे ना? आणि उद्या बोर्ड उघडायचाय."

नॉर्डिया वाद न घालता चालू लागली, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मैदानाला एक फेरी मारता मारता तिने बरीच कारणं गोळा केली. जॅसिंथचा पाय मुरगळला असता. जॅसिंथला शिस्त नव्हती. तिच्या आईने फालमाउथला पाठवलंच नसतं. वेग म्हणजे सगळं नव्हे, मोठ्या शर्यतीत छाती लागते, ती कुणाकुणाकडेच असते. कारणं एकाहून एक सुरेख होती. झऱ्याचा रस्ता न करणाऱ्या खासदारसाहेबांनाही ती सुचली नसती.

तिथे मात्र तिची तिलाच गंमत वाटली. पास्टर, ऑबिन, कोच, मावशी, खासदार. एवढी लांब रांग लागली होती, आणि रांगेच्या अगदी शेवटी, सुवर्णपदक गळ्यात घालून, ती स्वतः उभी होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिला मुलांसमोर चार शब्द बोलायचे होते. वर्गात पस्तीस मुलं, भिंतीवर रंगवलेल्या वेळा, मागच्या बाकावर सॅम्युडा मास्तर. खिडकीबाहेर जॅसिंथ, हातात यामचा चिमटा तसाच. पहिल्या रांगेत तिची लेक, गुडघे आणि डोळे एवढीच दिसणारी.

नॉर्डियाने भाषणाचा कागद घडी करून ठेवला आणि खडू घेतला. "एक गणित घालते. एक मुलगी एकशे आठ मीटर तेरा सेकंदांत पळते. त्याच वेगाने शंभर मीटरना किती सेकंद?"

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

पस्तीस माना खाली गेल्या. या शाळेत भागाकाराला कुणी घाबरत नव्हतं, ते मास्तरांचंच देणं. सगळ्यांत आधी रोहान नावाचा चष्मेवाला मुलगा फळ्याशी धावला. तेराशे भागिले एकशे आठ. बारा वेळा गेले, बाकी चार. शून्य उतरवलं, चाळीस. चाळिसात एकशे आठ जात नाहीत, आणखी एक शून्य, चारशे, तीन वेळा. त्याने ऐटीत लिहिलं: १२.३.

"झालं, मिस. बारा पॉइंट तीन."

"बारा आठपेक्षा कमी!" कुणीतरी ओरडलं. "पात्र!"

नॉर्डियाला चूक दिसली, पण ती बोलली नाही. बारा पॉइंट तीननेही काम भागत होतं. मास्तरांना तोंड मिटून बसून राहणं सहज शक्य होतं. त्यांनी तसा प्रयत्नही केला. नॉर्डियाने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांचे दोन्ही हात बाकाची कड घट्ट धरून होते. फळ्यावर शून्य गाळलेला भागाकार, आणि वर्गात पस्तीस मुलं ते वहीत उतरवून घेताहेत. माणसाने सोसायचं तरी किती?

"रोहान!" मास्तर उठलेच. "अरे, शून्य कुठे गेलं? चाळिसात एकशे आठ गेले नाहीत, मग त्या घरात काय लिहायचं? घर रिकामं सोडतोस? कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच, मास्तर."

वर्ग हसला. मास्तर फळ्याशी आले, रोहानच्या हातातला खडू घेतला, आणि दशांश चिन्हाच्या शेजारी मोठं गोल शून्य काढलं. १२.०३. मग त्यांचा हात तिथेच थांबला. आपण काय सोडवलं ते त्यांच्या लक्षात आलं.

तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, "मास्तर, एकशे आठ म्हणजे आपलंच मैदान ना? मिस्टर डेकर्स सांगत होते."

मास्तरांनी वर्गाकडे पाठ ठेवूनच उत्तर दिलं. "हो. आपलंच. चूक माझी. तुमच्यातल्या कुणी अशी केली असती, तर मी पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं असतं."

"मग भिंतीवरच्यांचं पण करू का?"

थांबवणार कोण? गणित आवडणाऱ्या मुलांना एकदा भिंत मिळाली की संपलंच. ओळीमागून ओळी सुटू लागल्या. एकतीस वर्षांच्या नाकारलेल्या पोरापोरींमधून पात्र निघालेल्यांचा आकडा शेवटी एकोणीसवर थांबला. "जॅसिंथ पिनॉक, बारा पॉइंट एक दोन," रोहानने वाचलं, शून्याची विशेष काळजी घेत. "नॉर्डिया ब्लॅग्रोव्ह, बारा पॉइंट पाच. मिस, तुम्ही अजून चौथ्याच!"

"हो रे बाबा," नॉर्डिया म्हणाली. "चौथीच."

खिडकीतली जॅसिंथ तिथून निघून गेली होती. नॉर्डिया फाटकाशी गेली, तर ती निखाऱ्यांवर वाकून याम फिरवत होती. दोन फोडी पार कोळसा झाल्या होत्या.

"बोर्डवर तुझं नाव लावायला सांगते, जॅसी. उद्या भाषणातही..."

"खबरदार!" जॅसिंथ म्हणाली. "सत्तावीस वर्षं मला वाटत होतं, माझ्यात नव्हतं. त्याची सवय झाली होती गं, बरी झोप लागायची. आता बोर्ड लावशील आणि जो येईल तो माझ्या तोंडाकडे बघत हळहळेल. याम थंड होतो अशाने." ती काळ्या फोडी चिमट्याने बाजूला टाकत राहिली. तिचे डोळे धुराने लाल झाले होते, आणि धूर त्या वेळी दुसऱ्या बाजूला जात होता. मग म्हणाली, "पोरीबरोबर तू जा फालमाउथला. मला इथून हलता येत नाही. तिथे कुणी रेघ सरकवली तर बघायला कुणीतरी पाहिजे."

शुक्रवारी मास्तरांनी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या हातात यादी दिली. यादीत एक नाव होतं, आणि सोबत तीन पानी पत्र. अडीच पानं सावरीविषयी होती. पण उरलेल्या अर्ध्या पानात 'चूक माझी' हे शब्द स्वच्छ अक्षरात होते. बोर्ड ठरल्याप्रमाणे उघडला. नॉर्डियाने रंगाऱ्याला 'सर्वांत' हा शब्द पुसायला सांगितला, म्हणून आता तिथे 'स्टोनी गॅपची वेगवान मुलगी' असं होतं, मध्ये एका शब्दाची पांढरी जागा सोडून. खासदारसाहेबांना वाटलं, रंग संपला.

पुढच्या आठवड्यात फालमाउथच्या निवड चाचणीला ओनिका पाचव्या पट्टीत उभी राहिली. बंदूक वाजली. शेवटच्या दहा मीटरांत सगळ्या पोरी छाती पुढे काढून वेग सोडू लागल्या. ओनिकाने सोडला नाही. ती रेघ ओलांडून तशीच सुसाट गेली, आणखी आठ मीटर, आणि मग कुठे तिने मागे वळून बघितलं, की बाकीच्या का थांबल्या. बारा पॉइंट एक. पहिली.

नॉर्डियाने जॅसिंथला फोन लावेपर्यंत फालमाउथचे म्हातारे कोच ओनिकाच्या खांद्यावर हात ठेवून फोटोला उभे होते. तिच्या चालण्यावरूनच त्यांनी ओळखलं होतं म्हणे. संध्याकाळी दोघी गावात पोचल्या, तर ऑबिन यांनी सांगितलं की पोरगी त्यांच्याच यामवर वाढलीय. पास्टरांचा घसा या खेपेला ठणठणीत होता.

आणि शाळेच्या पायरीवर सॅम्युडा मास्तर मुलांना जमवून समजावत होते, "शेवटपर्यंत वेग कसा टिकला तिचा? विचार करा. रोज आठ मीटर जास्त पळायची सवय! मी ते उगीच ठेवले होते का?"

जॅसिंथने भाजलेल्या यामची मोठी फोड कागदात बांधून लेकीच्या हातात दिली. "जा, मास्तरांना नेऊन दे," ती म्हणाली. "गरम आहे म्हणावं. खाताना तरी तोंड बंद राहील."